बागेची हजामत थांबवा

मे महिना लागला की आपल्या शहरांत दोन कामं हमखास निघतात. एक, रस्ते खणणं. दुसरं, बागा बोडक्या करणं. पहिल्यावर आपण सगळे तुटून पडतो, फोटो टाकतो, नगरसेवकाला टॅग करतो. दुसऱ्याबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढत नाही. उलट सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर "आज बागेची मस्त साफसफाई झाली" असा फोटो पडतो आणि त्याखाली अंगठ्यांची रांग लागते.

त्या फोटोत काय असतं, नीट बघा. गुडघ्याएवढ्या उंचीवर सरळ रेषेत कापलेली कर्दळ. अर्ध्यात तोडलेली हेलिकोनियाची पानं. डोक्यावर दोन-तीन शेंड्या ठेवून भादरलेला पाम. मॉन्स्टेराची एवढी मोठी नक्षीदार पानं, कागद कापल्यासारखी मधून उडवलेली. आणि बाजूला हिरव्या पानांचा ढीग, तो टेम्पोत भरायला उभा असलेला पोरगा, आणि समाधानी चेहऱ्याने कमरेवर हात ठेवलेले सेक्रेटरी.

पोस्ट लांबणार आहे, आधीच सांगतो. विषय क्षुल्लक वाटेल. पाण्याचा टँकर, पार्किंग, लिफ्ट असे प्रश्न सोडून हा माणूस पानांवर काय लिहीत बसलाय, असंही वाटेल. पण यात तुमच्या मेंटेनन्सचे आणि तुमच्या कराचे पैसे आहेत, आणि एका माणसाचे हात आणि डोळे आहेत. म्हणून वाचा.

आधी मूळ मुद्दा. मोठ्या पानांच्या शोभेच्या झाडांची छाटणी आणि मेंदीच्या कुंपणाची छाटणी ही दोन वेगळी कामं आहेत. आपण दोन्ही एकाच यंत्राने, एकाच पोराकडून, एकाच दिवशी करून घेतो. सगळी गडबड तिथे आहे.

मेंदी किंवा ड्युरांटाच्या कुंपणाला हजारो बारीक पानं असतात आणि प्रत्येक फांदीवर डोळ्यांची रांग असते. वरून दोन इंच उडवलं की खालचे डोळे फुटतात आणि कुंपण आणखी दाट होतं. हिरवळीचं गणित तिसरंच. गवताचं पातं बुडातून वाढतं, म्हणून टोक कापलं तरी ते खालून वर सरकत राहतं. या दोन्ही ठिकाणी यंत्र फिरवलं तर काही बिघडत नाही.

आता कर्दळ, हेलिकोनिया, शोभेचा अळू, फिलोडेंड्रॉन, मॉन्स्टेरा, ट्रॅव्हलर्स पाम ही मंडळी घ्या. यांच्या एका दांड्यावर पानं असतात बोटांवर मोजण्याइतकी. झाडाचा सगळा स्वयंपाक त्या चार-सहा पानांत चालतो. पूर्ण उघडलेलं पान एकदा अर्धं कापलं की ते अर्धंच राहतं. त्याची वाढ संपलेली असते, ते परत भरून येत नाही. कापलेली कड दोन-तीन दिवसांत तपकिरी होते, मग वाळत आत सरकते. म्हणजे बाग सुंदर दिसावी म्हणून जे केलं, त्याने ती पुढचे दोन महिने आजारी दिसते. आणि ती आजारी दिसते म्हणून पुढच्या महिन्यात पुन्हा छाटणी!

कर्दळीचं फूल दांड्याच्या शेंड्याला येतं. हेलिकोनियाचं तसंच. दांडा ठरावीक पानं काढतो आणि मग त्याच्या टोकातून तो लाल-केशरी तुरा बाहेर येतो. तुम्ही शेंडा उडवलात तर त्या दांड्याला फूल येणारच नाही. याची खरी छाटणी कशी? फुलून संपलेला दांडा थेट जमिनीलगत कापायचा. त्याचं आयुष्य झालेलं असतं, कंदातून नवे दांडे येतातच. न फुललेल्या दांड्याला हात लावायचा नाही. इतकं सोपं आहे. आपल्याकडे बरोब्बर उलटं होतं. संपलेला दांडा आणि येणारा दांडा, दोघांनाही एकाच उंचीवर कापतात, कारण वरून रेष सरळ दिसली पाहिजे.

पामची गोष्ट तर याहून वाईट. एका खोडाच्या पामला वाढीचा कोंब एकच असतो, अगदी डोक्यात. तो गेला की झाड गेलं. आंब्यासारखी बाजूने फांदी फुटेल अशी आशा नाही. खोडाला जखम झाली तर आंब्या-वडासारखी ती साल धरून भरूनही येत नाही, जन्मभर तशीच राहते. पामची फक्त पूर्ण वाळलेली झावळी काढायची. हिरवी कापावीच लागली, उदाहरणार्थ खिडकीत किंवा वायरीत घुसत असेल, तर खालची एखादी. घड्याळात नऊ आणि तीन जोडणारी आडवी रेष मनात आखा. त्या रेषेच्या वरच्या झावळ्यांना हात लावायचा नाही. आपल्याकडे बारा वाजता उभ्या असलेल्या दोन झावळ्या ठेवतात आणि बाकी सगळी उतरवतात. मग पामचे खरंच बारा वाजतात.

"पण पिवळी पडलेली तरी काढायची ना?" हा प्रश्न मला दर वेळी विचारला जातो. पामला पोटॅश कमी पडलं की तो जुन्या झावळीतलं पोटॅश ओढून नव्या पानाला देतो. म्हणून खालची पिवळी पडते. ती झावळी म्हणजे त्याची शिल्लक पुंजी आहे. तुम्ही ती कापलीत की तो तिच्या वरची झावळी पिवळी करायला घेतो. मग तुम्ही तीही कापता. उपाय करवतीत नाही, खतात आहे. बुंध्याशी पोटॅशचं खत घाला आणि थांबा. आणि रॉयल पाम तर आपली वाळलेली झावळी स्वतःच सोडतो. तिथे फक्त खालून वाट जात असेल तर लक्ष ठेवायचं आणि सुटायला आलेली झावळी वेळेत उतरवायची, इतकंच काम असतं.

आता कुणी म्हणेल, हे सगळं परदेशी बागकामाचं शास्त्र झालं, आपल्याकडे कुणाला एवढं माहीत असतं? मला चीड येते ती इथेच. आपल्याकडे हे पिढ्यान् पिढ्या माहीत आहे!

परसातला अळू आठवा. अळूवडीसाठी पानं काढताना कुणी अर्धं पान कापतं का? बाहेरचं, पूर्ण झालेलं पान बघायचं, देठासकट बुडातून काढायचं, आणि मधल्या गुंडाळलेल्या कोवळ्या पानाला धक्का लावायचा नाही. ही मॉन्स्टेराचीही छाटणी आहे, फिलोडेंड्रॉनचीही आहे. एकाच कुळातली भावंडं आहेत ती. आपल्या आज्यांना जे न शिकता येत होतं, ते आपण कॉन्ट्रॅक्ट देऊन चुकीचं करून घेतोय.

जळगावकडच्या केळीवाल्याला विचारा. करपा आलेलं पान तो काढतो, बागेबाहेर नेऊन नष्ट करतो. पण चांगलं पान उगाच तोडत नाही, कारण घडाचं वजन त्या पानांवर ठरतं. कोकणातल्या माडवाल्याला विचारा. माड साधारण महिन्याला एक झावळी काढतो आणि प्रत्येक झावळीच्या बगलेत एक पोय येते. दहा हिरव्या झावळ्या उतरवल्या म्हणजे जवळजवळ वर्षभराच्या नारळांवर पाणी सोडलं. शिवाय ताज्या जखमेच्या वासावर सोंड्या भुंगा येतो, तो वेगळाच. म्हणून बागायतदार हिरव्या झावळीला हात लावताना दहादा विचार करतो. शेतात पान तोडायला हिशोब द्यावा लागतो. शहरात मात्र पान तोडण्याचेच पैसे मिळतात.

हो, पैसे तोडण्याचेच मिळतात. मुद्दा तोच आहे.

मी काही वर्षं आमच्या सोसायटीच्या बागेचं काम बघतोय, त्यामुळे ही बिलं जवळून पाहिली आहेत. देखभालीचा ठेका दिला जातो. त्यात लिहिलेलं असतं, "नियमित छाटणी व साफसफाई." कशाची, कशी, किती, काही नाही. काम झालं की नाही हे ठरवणार कमिटीचे दोन-तीन सभासद, ज्यांना घाई असते. त्यांना दिसायला हवा फरक. देठाशी वाळलेली अकरा पानं नीट काढली तर फरक काय दिसणार? काहीच नाही. "आज काय केलं मग दिवसभर?" असं उलट विचारतात. तेच यंत्र फिरवून टेम्पोभर हिरवा पाला काढला की लगेच, "वा, काम झालं!" ठेकेदार वेडा नाही. तुम्ही ढिगाचे पैसे देता, तो ढीग देतो.

गेल्या वर्षी मेच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्याकडे कंपाउंडलगतची हेलिकोनियाची अख्खी रांग अशीच गेली. चाळीस मिनिटांत. त्या रांगेच्या सावलीत फिलोडेंड्रॉन लावलेले होते. त्यांच्यावर मेचं ऊन थेट पडलं आणि आठवड्याभरात पानं भाजल्यासारखी पांढरी झाली. पावसाळाभर त्या रांगेला एक तुरा आला नाही. जुलैमध्ये त्याच ठेकेदाराचं बिल आलं, "खराब झालेली रोपं बदलणे." म्हणजे मारायचे पैसे वेगळे आणि नवीन आणायचे वेगळे. मीटिंगमध्ये मी हे काढलं तर उत्तर मिळालं, "अहो काका, झाडंच आहेत, वाढतील परत." वाढतीलच हो. पण तोवर पुढचा मे येतो ना!

सोसायटीचं हे, तर महापालिकांच्या दुभाजकांचं वेगळं काही नाही. दुभाजकात कर्दळ लावायची, ती गाडीच्या काचेएवढी झाली की गवत कापायच्या यंत्राने सपाट करायची, आणि पुन्हा पाणी-खत घालून वाढवायची. वळणावर, यू-टर्नला समोरचं दिसलं पाहिजे हे शंभर टक्के खरं आहे. मग तिथे बुटकी जात लावा. कर्दळीच्याच बुटक्या जाती मिळतात. मुळात चुकीच्या जागी चुकीचं झाड लावायचं आणि मग आयुष्यभर त्याला कापत राहायचं, हा आपला आवडता खेळ आहे. भिंतीपासून दोन फुटांवर ट्रॅव्हलर्स पाम लावणाऱ्यांना मला विचारायचंय, लावताना तो किती होतो हे एकदा तरी बघितलं होतं का? मादागास्करचं झाड आहे ते, पुरतं वाढलं तर दोन-तीन मजल्यांना पोचतं. त्याचा पंखा पसरणारच. त्याची पानं दर वर्षी कात्रीने एकसारखी करून घेणं म्हणजे मोराची पिसं समान मापाची करण्यासारखं आहे.

कायदा? महाराष्ट्रात शहरी भागातल्या झाडांच्या संरक्षणाचा कायदा १९७५ पासून आहे. वृक्ष प्राधिकरण आहे, परवानगीची पद्धत आहे. पण ती सगळी झाडं-खोडं यांची गोष्ट. हेलिकोनियाला, कर्दळीला, अळूला लाकूडच नाही. त्यांच्यासाठी कुणी अर्ज करत नाही, कुणी नोटीस लावत नाही, कुणी हरकत घेत नाही. आणि करावी असंही माझं म्हणणं नाही. कर्दळीचं पान तोडायला परवानगी मागायची वेळ आली तर आपण सगळेच वेडे होऊ. उलट म्हणूनच जबाबदारी आपल्यावर आहे. जिथे कायदा बघत नाही तिथे ठेक्याचा कागद नीट असावा लागतो.

आता समोरच्या बाजूचे मुद्दे घेतो, कारण ते सगळेच खोटे नाहीत.

पहिला, सुरक्षितता. २०१७ च्या जुलैमध्ये चेंबूरला नारळाचं झाड कोसळून एका महिलेचा जीव गेला. ज्याने ती बातमी पाहिली तो विसरणार नाही. वाटेवर लोंबणारी वाळकी झावळी आणि नारळ पावसाआधी उतरवायलाच हवेत, त्यावर वाद नाही. पण झाड कोसळतं ते खोड किंवा मूळ आतून पोखरलं म्हणून. डोक्यावरची हिरवी पानं भादरून खोडाची तपासणी होत नाही. उलट "आम्ही छाटणी केली ना" असं समाधान मिळतं आणि बुंध्याकडे कुणी बघतच नाही. सुरक्षिततेची इतकी काळजी असेल तर जाणकार माणूस बोलवा, बुंधा ठोकून बघायला सांगा, लेखी अहवाल घ्या. त्या बिलावर मी पहिली सही करीन.

दुसरा, डास. हा मुद्दाही पूर्ण चुकीचा नाही. ट्रॅव्हलर्स पामच्या देठांच्या खोबणीत, अळूच्या आणि ब्रोमेलियाडच्या बेचक्यात पाणी साठतं आणि डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. मग करायचं काय? आठवड्यातून एकदा पाइपची जोरदार धार त्या बेचक्यांत मारायची, पाणी पालटलं की अळ्या वाहून जातात. पाच मिनिटांचं काम. पानं अर्धी कापून काय होतं? बेचकं तर देठाच्या बुडाशी असतं, ते तसंच राहतं! डास तिथेच, पान मात्र गेलं. आणि खरं सांगा, गच्चीवरच्या उघड्या टाक्या, कुंड्यांखालच्या थाळ्या, बिल्डरने सोडलेले पिंप, पार्किंगमधले जुने टायर हे सगळं बघून झाल्यावर आपण हेलिकोनियाकडे वळलोय का?

तिसरा, साप. पानांच्या गर्दीत साप लपतो म्हणतात. साप येतो उंदरांसाठी आणि उंदीर येतात कचऱ्यासाठी. वाटेच्या कडेला जमिनीवर लोळणारी पानं देठाशी काढा, म्हणजे पाऊल कुठे पडतंय ते दिसेल. एवढं पुरे. त्यासाठी अख्खी रांग आडवी करायची गरज नाही. कचरापेटीला झाकण लावा आधी.

चौथा, "बाग नीटनेटकी दिसायला हवी." इथे माझं सरळ भांडण आहे. नीटनेटकं म्हणजे सरळ रेषेत कापलेलं, ही कल्पना आपण कुठून आणली? जानेवारीत एम्प्रेस गार्डनच्या प्रदर्शनातून आपण हौसेने मॉन्स्टेराचं रोप आणतो, ते कशासाठी? पानासाठीच ना? या झाडांचं सगळं सौंदर्य पानाच्या आकारात आहे. मोठं पान म्हणून पैसे देऊन आणायचं आणि मोठं झालं म्हणून कापायचं, याला नीटनेटकेपणा म्हणत असाल तर प्लॅस्टिकची झाडं लावा. ती वाढत नाहीत.

आणि आता ज्या गोष्टीसाठी ही पोस्ट लिहायला घेतली ती.

ते यंत्र धरणारा पोरगा कोण असतो? दर महिन्याला वेगळा. त्याला कुणी शिकवलेलं नसतं. सकाळी टेम्पोतून उतरवतात, यंत्र हातात देतात, "हे सगळं एका लायनीत घे" म्हणतात. हातमोजे नसतात, डोळ्यांवर चष्मा नसतो, पायांत बऱ्याचदा स्लिपर असते. अळू खाजतो हे प्रत्येक मराठी घराला माहीत आहे, म्हणून आपण फतफत्यात चिंच घालतो, म्हणून अळू चिरताना हाताला तेल लावतो. ती खाज कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुयांसारख्या बारीक स्फटिकांची. तेच स्फटिक डिफेनबेकियात, मॉन्स्टेरात, फिलोडेंड्रॉनमध्ये, शोभेच्या अळूत भरलेले असतात. रबराच्या झाडाचा आणि चाफ्याचा चीकही कातडीला आणि डोळ्यांना त्रास देतो. यंत्राने मोठी पानं कापली की हा रस चौफेर उडतो. अंगावर, तोंडावर, डोळ्यांत. आपण अळूच्या चार पानांसाठी हाताला तेल लावतो आणि त्या पोराला डिफेनबेकियाच्या रांगेत उघड्या हातांनी उभं करतो.

त्याच्यावर ओरडू नका. चूक त्याची नाही. त्याला ज्या कामाचे पैसे मिळतात ते तो करतो. पूर्वी सोसायटीला एक माळी असायचा, वर्षानुवर्षं तोच. कुठला कंद कुठे आहे, कुठलं झाड कधी फुलतं हे त्याला ठाऊक असायचं. त्याचा पगार "परवडत नाही" म्हणून आपण ठेका दिला. माळीकाम अंगमेहनतीचं आहे, त्यात डोकं लागत नाही, असं आपण मनात धरून बसलोय. कोकणात-गोव्यात माडावर चढणाऱ्या पाडेलीला कुठली झावळी काढायची आणि कुठली ठेवायची हे वर गेल्यावर एका नजरेत कळतं. ते कौशल्यच आहे, आणि कौशल्याचे पैसे द्यावे लागतात. आपण यंत्राच्या पेट्रोलचे देतो.

उरला तो पाला. २०१६ च्या घनकचरा नियमांत बागेचा कचरा वेगळा ठेवायला सांगितलेलं होतं. प्रत्यक्षात काय होतं? टेम्पो कुठे जातो कुणी विचारत नाही. कधी कोपऱ्यावर टाकतो, कधी कुणीतरी काडी लावतं आणि धूर पुन्हा आपल्याच खिडकीत येतो. वास्तविक मेच्या उन्हात उघडी पडलेली माती झाकायला यासारखी गोष्ट नाही. निरोगी पानं तुकडे करून त्याच वाफ्यात अंथरा. ओल टिकते, गांडुळं येतात, पावसाळ्यात खत होतं. रोगट पानं तेवढी वेगळी काढा. आपण फुकटचं खत पैसे देऊन बाहेर पाठवतो आणि मग पोत्याने विकत आणतो. अशा हिशोबाला आपल्या घरात कुणी जेवायला वाढणार नाही.

नुसती टीका करून थांबत नाही. पुढच्या मीटिंगमध्ये ठेक्याच्या कागदावर लिहून घ्यायच्या गोष्टी देतो. कॉपी करा, छापा, नोटीस बोर्डावर लावा, माझं नाव नसलं तरी चालेल.

१. ज्या झाडाचं पान तळहातापेक्षा मोठं आहे, त्याला कुंपण कापायचं यंत्र लावायचं नाही. हातकात्री, विळा किंवा करवत, तीही स्वच्छ. एवढा एक नियम पाळला तरी अर्धं नुकसान थांबेल.

२. पान काढायचं तर देठासकट बुडातून. अर्धं पान कापलेलं दिसलं तर त्या दिवसाच्या कामाचे पैसे नाहीत. काढायचं फक्त वाळलेलं, रोगट किंवा वाटेत येणारं. पामची पिवळी झावळी पूर्ण वाळेपर्यंत राहू द्यायची.

३. कर्दळ आणि हेलिकोनियाचा फुलून गेलेला दांडा जमिनीलगत. बाकीच्यांना हात नाही. रबर, फिडल लीफ फिग अशा फांदीच्या झाडांना उंची कमी करायची असेल तर पेराच्या जरा वर काप द्यायचा, खालून फूट येते.

४. मोठी छाटणी जून-जुलैत, पाऊस स्थिरावल्यावर. मेमध्ये फक्त धोक्याचं तेवढं उतरवायचं. भर उन्हाळ्यात झाडाची सावली काढून घ्यायची नाही.

५. हातमोजे, डोळ्यांना चष्मा आणि बूट ठेक्यात लिहून. नसतील तर काम सुरू होणार नाही. हे पाच नंबरला लिहिलंय म्हणून पाचव्या महत्त्वाचं समजू नका.

६. पैसे पाल्याच्या ढिगावर नाहीत, जिवंत झाडांवर. जूनमध्ये आणि डिसेंबरमध्ये झाडांची मोजणी. ठेकेदाराच्या कापाकापीने मेलेलं रोप त्याने स्वखर्चाने लावायचं. हे कलम टाकून बघा, सहा महिन्यांत छाटणी आपोआप कशी शहाणी होते ते.

७. पाला बागेतच जिरवायचा.

यात एकही गोष्ट महाग नाही. उलट टेम्पो, यंत्राचं भाडं, बदलायची रोपं आणि खताची पोती हे चार खर्च कमी होतात. ते पैसे नीट काम जाणणाऱ्या एका माळ्याला द्या. आजूबाजूच्या दोन-तीन सोसायट्यांनी मिळून एक माळी ठेवला तरी चालतं.

दुभाजकांचं आणि पालिकेच्या बागांचं म्हणाल तर वॉर्ड ऑफिसात जाऊन उद्यान विभागाच्या ठेक्याची प्रत माहिती अधिकारात मागा. मागता येते. त्यात छाटणीच्या पद्धतीबद्दल एक ओळ तरी आहे का बघा, नसेल तर वरचे मुद्दे लेखी सूचना म्हणून द्या आणि पोच घ्या. एका अर्जाने काही होत नाही हे मलाही माहीत आहे. एकाच वॉर्डातून तीस अर्ज गेले तर फाइल हलते, हेही आपण खड्ड्यांच्या बाबतीत पाहिलंय.

या वर्षीचा मे अजून हातात आहे. तुमच्या सोसायटीत ठेकेदाराचा टेम्पो कधी येणार ते आज विचारा. त्या दिवशी अर्धा तास खाली उतरा. पोराला आधी पाणी द्या, हातमोजे द्या, मग अळूवडीचं पान कसं काढतात ते दाखवा. त्याच्या घरी अळू असणारच, एका मिनिटात कळेल त्याला. सेक्रेटरींना कळायला जरा वेळ लागेल, पण चिकाटी सोडू नका.

पटलं तर शेअर करा, आपल्या सोसायटीच्या ग्रुपवर टाका. नाही पटलं तर खाली या, भांडू. आणि अर्ध्या कापलेल्या पानांचे फोटो असतील तर कमेंटमध्ये टाका, फक्त सोसायटीचं नाव झाकून. लाज वाटायला एवढं पुरेल.